पुढं गेलेले हात

हॉलिसनं तुकड्याचा पहिला भाग वाजवून दाखवला, दुसऱ्या भागासाठी काड्या उचलल्या, आणि त्या पॅनवर, तेलाच्या पिंपाच्या वाद्यावर, टेकायच्या आतच समोरच्या रांगेतल्या इनेझच्या हातांनी तो दुसरा भाग वाजवून टाकला. मोठ्यानं नाही. भाजी चिरता चिरता बाई गुणगुणते तसं, खालच्या आवाजात, सहा-सात सूर, आणि शेवटचं ते लहानसं वळणसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं असावं. तिनं काड्या पॅनच्या कडेवर आडव्या ठेवल्या आणि रुमाल काढून मान पुसायला लागली. मान कोरडी होती. कार्निव्हल आणि त्यातली बँडांची स्पर्धा तोंडावर आलेली, सगळ्या टेकडीवर सुकं वारं सुटलेलं. घाम येण्याचे ते दिवसच नव्हते. आवारात दुसऱ्या कुणाचं लक्ष नसावं. मागं पिंपांच्या जंगलात खालचे सूर वाजवणारा म्हातारा किसून, आपल्या सहा मोठ्या पिंपांमधे उभा राहून, कुणाला तरी क्रिकेटबद्दल शिव्या घालत होता, पोरं फोनवर, कुणी कागदाच्या पुडीतले चणे सांडत-सांडत खात होतं. हॉलिस काड्या हवेत धरून उभा राहिला. ते सूर त्याला आज सकाळी सुचले होते. ओसरीवर, चहाच्याही आधी. त्यानं ते कुणालाही ऐकवले नव्हते.

"अंकल, पुढं?" केर्विन म्हणाला. केर्विन बँडचा कॅप्टन. वयानं लहान, पण आवाज मोठा. "माणसं थांबलीयत."

"आज एवढंच."

"एवढंच? कार्निव्हल पुढच्या वर्षी आहे होय?"

"अरे, दम घेऊ दे त्याला," किसून मागून ओरडला. "जुनं इंजिन आहे ते. तापल्याशिवाय चालत नाही."

"आणि तापलं की बंद पडतं!" दुसरं कुणीतरी. सगळं आवार हसलं. एरवी हॉलिसनं त्यांना सोडलं नसतं. किसूनच्या पोटावर, त्याच्या सासूवर, त्याच्या त्या भाड्याच्या दातांवर काहीतरी बोलून सगळ्यांना परत हसवलं असतं. ईस्टर्न लाइट बँडच्या आवारात टोमणा परत न फेडणं म्हणजे आजारी असणं. त्यानं काड्या खिशात घातल्या आणि तो फाटकाकडे चालू लागला. पाठीमागचं हसू एकदम कमी झालं, ते त्याला ऐकू आलं. त्याच्या पाठीला नेहमीच जास्त ऐकू येतं.

गोंझालेस वस्तीची ती चढण तो आयुष्यभर चढत आला होता, पण आज पायऱ्या कुणीतरी एकेक बोटभर उंच करून ठेवल्यासारख्या वाटल्या. हाताला सवय असते, हे त्याला काय कुणी सांगायला हवं होतं? त्याचं सगळं कामच त्यावर चाललेलं. यंदाचं गाणं बाजारातलं होतं, कुण्या तरुण पोरानं गायलेलं, सगळ्या दुकानांत वाजणारं. ते काय, सगळ्याच बँडांना खुलं. पण गाण्याच्या पोटातला मधला भाग ज्या त्या बँडचा स्वतःचा, आणि ईस्टर्न लाइटचा तो भाग हॉलिसचा. कागद नाही. कागदावर सूर लिहिणं त्याला येत नव्हतं आणि आवारातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. तो मधे उभा राहून वाजवायचा, मग प्रत्येक रांगेला तिचा तिचा वाटा द्यायचा, आणि ते लोक तो पुन्हा पुन्हा वाजवून हातात मुरवायचे. डोक्यात नाही, हातात. डोकं विसरतं. हात मात्र झोपेतसुद्धा वळवळतात, मार्व्हा होती तेव्हा म्हणायची, "रात्री माझ्या पाठीवर वाजवतोस तू, आणि तेही चुकीचं." मार्व्हा त्याची बायको. तिला जाऊन आता बरेच दिवस झाले होते आणि पाठ नसल्यामुळे हातांना रात्री नुसती गादी मिळत होती. म्हणजे इनेझच्या हातात ते सूर होते. जे त्यानं दिलेले नव्हते ते तिच्या हातात कुठून आले? दुसऱ्या बँडचे असतील? पण इनेझ दुसऱ्या बँडच्या आवारात पाय ठेवायची नाही, चर्चला जातानासुद्धा लांबच्या रस्त्यानं जायची. मग हॉलिसनंच कधीतरी दिलेले. कधी? त्यानं आपली वर्षं एकेक करून पुढं घेतली. जिंकलेलं वर्ष, त्याच्या नंतरचं, पाऊस पडून रंग गेलेलं वर्ष, संपाचं वर्ष. प्रत्येक वर्षाचं वाजवणं त्याला आठवत होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ते वळण कुठंच नव्हतं. आणि तरी ते तिच्या हातात होतं.

सकाळचं त्यानं परत आठवून पाहिलं. ओसरीवर पॅन टांगलेलं. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून ठोकून खोलगट केलेलं, प्रत्येक सुराची त्यात आपली वेगळी वाटी. आधी ते फडक्यानं पुसायचं, मग समोर नुसतं उभं राहायचं, मग वाजवायचं. हा नियम म्हाताऱ्या प्रुडोमचा. प्रुडोमनं त्याला पोरवयात हाताशी घेतलं तेव्हा कितीतरी दिवस नुसतं पुसायलाच लावलं होतं. काही सुचो न सुचो, शेजारच्या आंब्याची सावली पायरीवरून उतरेपर्यंत जागचं हलायचं नाही. हॉलिस हलला नाही. मार्व्हाला पुरून आला त्याच्या दुसऱ्या दिवशीही उभा राहिला. आणि उभं राहून राहून, बहुतेक सकाळी काहीच यायचं नाही. जुनंच चघळायचं, बोटं मोकळी करायची, शिंकायचं, चहाची वाट बघायची. पण एखाद्या दिवशी यायचं. आलं की कळायचं. कुणी सांगायला लागायचं नाही. मनगटापासून कोपरापर्यंत अंगावर काटा उभा राहायचा. आज सकाळी अगदी तसंच झालं होतं. फार दिवसांनी. त्यानं काड्या खाली ठेवून ओसरीवरच एक गिरकी घेतली होती, गुडघ्याची पर्वा न करता, आणि समोरच्या घरातली मुलगी दात घासता घासता त्याच्याकडे बघून फेसासकट हसली होती.

तो काटा. चढणीच्या मधोमध हॉलिस थांबला, भिंतीला हात लावून. तो काटा खोटा होता तर? नव्या गोष्टीला जो काटा येतो तोच जुन्या, विसरलेल्या गोष्टीला येत असेल, तर आजवर आलेल्या सगळ्या काट्यांचं काय? दुसरा साक्षीदार त्याच्याकडे कधी नव्हताच. लोक नाचतात, पण लोक कशावरही नाचतात. परीक्षक मार्क देतात, पण ते परीक्षकांचं. हे आपलं आहे, याच्याआधी जगात नव्हतं, हे त्याला आजवर फक्त त्या काट्यानं सांगितलं होतं. आणि आज त्या काट्यानं इनेझसमोर त्याला तोंडावर पाडलं.

कथबर्ट असता तर पोट धरून हसला असता. कथबर्ट त्याचा दोस्त, आयुष्यात एक सकाळ पॅनसमोर उभा राहिला नाही. रमच्या दुकानात दुपारी टेबलावर बाटलीच्या बुचानं ठोकता ठोकता त्याला असं काही सुचायचं की दुकानातलं बोलणं थांबायचं. हॉलिसला तो म्हणायचा, "तू काय सुरांची हजेरी घेतोस रे रोज? शाळा आहे का ती?" आणि हॉलिस म्हणायचा, "हजेरी घेतली तर एखाद दिवशी येतात तरी. तुझे कुठं राहतात ते तुला तरी माहीत आहे का?" खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कथबर्टला काही आठवायचं नाही. तो गेला तेव्हा त्याच्याबरोबर सगळं गेलं, कुणाच्या हातात त्याचा एक सूर राहिला नाही, आणि प्रेताबरोबर चालताना हॉलिसला, रडू येत असतानाच, आपण बरोबर होतो याचं एक बारीक सुख झालं होतं. आता त्याच सुखाची चव तोंडात आंबट झाली. कथबर्ट सगळंच विसरायचा, म्हणून त्याचं रोज नवं. आपण रोज उभे राहिलो. रोज तीच ओसरी, तेच फडकं, तेच हात. गुरं रोज एकाच वाटेनं पाण्यावर जातात, मग वाट इतकी खोल होते की दोन्ही बाजूंचं गवत दिसेनासं होतं. आपण वाट पाडली असं वाटत होतं; आपण तिच्यात खाली खाली चाललो होतो.

त्याला अक्षरं चाळिशी उलटल्यावर आली, मार्व्हानं शिकवली, जेवणाचं टेबल पुसून. एकदा ती म्हणाली, पुस्तकातलं पुरे, आता एक वाक्य तुझ्या मनानं लिही. तो पेन्सिल चावत बराच वेळ बसला आणि मग लिहिलं. वारा झाडाला विचारून हलवत नाही. इतका आनंद झाला त्याला. मार्व्हानं वाचलं आणि ओठ दाबून म्हणाली, "छान आहे. मागच्या धड्यातलं आहे." तो चिडला, पुस्तक उघडून दाखवल्यावर जास्तच चिडला, जेवला नाही. शपथेवर सांगितलं असतं त्यानं, की ते वाक्य त्याच्या आतून आलं होतं. आतूनच आलं होतं. आत कुणी ठेवलं हे आतल्याला कुठं माहीत असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पॅन पुसलं आणि उभा राहिला, आणि हात पॅनवर टेकवायची त्याला भीती वाटली. पहिल्यांदाच. एक लहानसं काहीतरी वाजवलं, लगेच वाटलं, हे जुनं. दुसरं वाजवलं, हेही असेल. मग त्यानं मुद्दाम हाताला नको तिकडे नेलं, हात उजवीकडे जाऊ म्हणाला की डावीकडे, थांबू म्हणाला की पुढं. जे झालं ते नवं होतं यात शंका नव्हती. स्वयंपाकघरात मांजर शिरल्यावर भांडी पडतात तसं नवं. समोरच्या मुलीनं खिडकी लावून घेतली. सावली अजून वरच्या पायरीवरच होती, पण तो आत गेला. म्हाताऱ्या प्रुडोमला कुठं कळणार होतं.

एक गोष्ट त्याला टोचत होती, ती म्हणजे त्याचं स्वतःचं तोंड. बँडमधल्या नव्या पोरांना मागल्या वर्षापासून दुसरा माणूस हवा होता, शिकलेला, कॉम्प्युटरवर काम करणारा. सभेत गोंधळ झाला तेव्हा हॉलिस उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ज्या दिवशी माझ्याकडे नवं नसेल त्या दिवशी मी काड्या खाली ठेवीन. कुणाला सांगावं लागणार नाही." टाळ्या पडल्या होत्या. इनेझनं सगळ्यात जोरात वाजवल्या होत्या. काड्या ठेवल्यावर संध्याकाळी माणूस कुठं जातो, हे त्यानं तेव्हा मनात आणलं नव्हतं.

इनेझ सकाळी आपल्या दारात पुरीसारखे जाड, फुगलेले बेक तळायची, खारा मासा भरून विकायची. गिऱ्हाईक ओसरेपर्यंत तो बाजूला भिंतीपाशी उभा राहिला. तिनं पाहिलं, काही न बोलता एक बेक कागदात गुंडाळून पुढं केला.

"भूक नाही."

"भूक कुणी विचारली? धर."

त्यानं धरला. गरम होता. "काल," तो म्हणाला, "ते तुला कुठून आलं?"

"काय?"

"इनेझ."

"अगं बाई, हात घसरला माझा."

"सात सुरांवरून घसरला? आणि बरोबर सात वाट्यांत पडला?"

"म्हातारपणी लोकांचे पाय घसरतात, माझे हात." ती हसली नाही. कढईत काहीही नसताना झाऱ्यानं तेल हलवत राहिली. मग म्हणाली, "हे बघ हॉलिस, मी तुझं वाजवायला लागले तेव्हा माझी वेणी कमरेपर्यंत होती. इतकी वर्षं तुझेच सूर. तू पहिला भाग दिलास की पुढं काय येणार हे मला कळणार नाही होय? नवऱ्यानं तोंड उघडलं की बाईला पुढचं वाक्य माहीत असतं. त्यात काय मोठंसं?"

हॉलिसनं गरम बेक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. ती त्याला सोडवत होती, पण सोडवून कुठं नेत होती हे तिला कळत नसावं. एक तर ते जुनं होतं. नाही तर ते नवं होतं, आणि इतकं त्याचं-त्याचं होतं की सुचायच्या आधीच दुसऱ्याला माहीत. यातलं कुठलं बरं, त्याला ठरवता येईना.

"मागल्या वर्षी?" त्यानं विचारलं. "मागल्या वर्षीही तुला असंच आधी कळलं होतं?"

"आंटी, दोन द्या, तिखट कमी," एक बाई म्हणाली, आणि इनेझ तिच्याकडे अशी वळली, जणू त्या बाईची ती सकाळपासून वाट बघत होती. हॉलिस थोडा वेळ थांबला. मग बेक न खाताच खिशात घालून चढण चढला, आणि दिवसभर खिशाला तेलाचा डाग पसरत राहिला.

संध्याकाळी आवारात सगळे वेळेवर हजर. हेच आधी विचित्र. किसून मागं आपल्या पिंपांमधे गप्प. बाकीची जुनी माणसं सगळी पुढच्या दोन रांगांत, काड्या हातात, शाळेतल्यासारखी. नवी पोरं तेवढी आपली फोनवर. केर्विन हळू आवाजात म्हणाला, "अंकल, कालचंच पुढं घेऊ या. मस्त आहे ते." सभेत दुसरा माणूस मागणाऱ्यांत हाच पहिला होता. त्याच्या डोळ्यांकडे बघायला गेलं तर तो बुटाकडे बघत होता.

हॉलिसला वाटलं, आत्ताच काड्या पॅनवर ठेवाव्यात आणि निघावं. सोपं होतं. फाटक दहा पावलांवर. पण हात उचलले गेले होते आणि त्यानं पहिला भाग वाजवला, आणि मग दुसरा, पूर्ण, वळणासकट. नजर इनेझच्या हातांवर. तिचे हात हलले नाहीत. काड्या मुठीत, मुठी पॅनच्या कडेवर, आणि कातडीखालची हाडं पांढरी दिसत होती. त्यानं तिच्या शेजारी पाहिलं. शेजारणीच्याही मुठी तशाच. पुढच्या रांगेत कुणाचाच हात हलत नव्हता, आणि हात हलत नसताना जसे सैल असतात तसा एकही सैल नव्हता. मागं नवी पोरं मात्र मांडीवर बोटांनी अंदाज घेत होती, चुकत होती.

"घ्या," तो म्हणाला.

त्यांनी घेतलं. पहिल्याच फटक्याला सगळं विस्कटलं. नवी पोरं चुकली ती चुकलीच, पण जुनीही अडखळली, एक इथं, एक तिथं. किसूननं एक घाव इतका उशिरा दिला की स्वतःच "च्च" म्हणाला. हॉलिस टाचांवर उंच झाला. त्यांना येत नाही! येत नाही, म्हणजे नवं आहे. त्यानं पुन्हा घ्यायला सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी इनेझ चुकली. वळणाच्या आधी पलीकडच्या कडेवरच्या वाटीवर डावी काडी पडायला हवी, ती अलीकडे, शेजारच्या वाटीवर पडली. एक वेडावाकडा सूर निघाला.

तो सूर ऐकला आणि हॉलिसला ती संध्याकाळ दिसली. हेच आवार, पत्र्याचं छप्पर तेव्हा अर्धंच, आणि इनेझ, कमरेपर्यंत वेणी, दिवस भरत आलेले. पोट इतकं पुढं की तिला पॅनपासून लांब उभं राहावं लागायचं आणि डावी काडी पलीकडच्या कडेपर्यंत पोचायची नाही. पुन्हा पुन्हा तीच वाटी, तोच वेडावाकडा सूर. हॉलिस तेव्हा तरुण होता, ओरडला होता. ती रडली होती आणि पुन्हा वाजवलं होतं, पुन्हा कमी पडली होती. मग दोन-चार दिवसांनी त्यानं तो तुकडाच काढून टाकला होता. तिच्यासाठी नव्हे. त्याला वाटलं, यात काही दम नाही, उगाच गोड आहे. असं म्हणाला होता तो, सगळ्यांसमोर. स्पर्धेत तो वाजला नाही, कुठं रेकॉर्ड झाला नाही. ते वळण त्या वर्षाच्या बाहेर पडलं, म्हणून कुठल्याच वर्षात सापडलं नव्हतं. त्या पोटातला मुलगा आता टोरोंटोत ट्रक चालवतो.

आता इनेझ वाळलेल्या शेंगेसारखी बारीक. पॅनला अगदी चिकटून उभी. तिचा हात पलीकडच्या कडेच्याही पुढं गेला असता. आणि तिची काडी कमी पडत होती, बरोबर तेवढीच, बरोबर त्याच वाटीवर. चूक करायची म्हटल्यावर तिच्या हाताला एकच चूक ठाऊक होती.

आवार थांबलं होतं. किसून, केर्विन, पुढच्या दोन्ही रांगा, सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर शिकायला आलेल्या माणसांचा तो भाव होता, नीट बसवलेला. हे कधी ठरवलं यांनी? सकाळी, त्यानं ओसरीवर मांजराची भांडी पाडली तेव्हा? कुणाच्या घरी जमले असतील? की कुणी काही बोललंच नसेल? काहीतरी म्हणायला हवं होतं. मला आठवलं, असं. बस एवढं. मग त्यांच्या मुठी सैल झाल्या असत्या, आणि त्याला काड्या ठेवाव्या लागल्या असत्या, आणि उद्या संध्याकाळ झाली असती, जायला कुठंच नसलेली.

"इनेझ," तो म्हणाला, आणि आवाज त्याला वाटला त्यापेक्षा बरा निघाला. "ती वाटी नाही. पलीकडची."

"ही होय?" ती म्हणाली. "अवघड आहे बाई. पुन्हा दाखव की."

"अवघडच आहे," मागून किसून म्हणाला. "आमच्यासारख्या गाढवांना असलं देतोस तू."

कुणी हसलं नाही. हॉलिसनं पुन्हा दाखवलं, सावकाश, एकेक वाटी. त्या सगळ्यांनी मान हलवली आणि ते पुन्हा चुकले, थोडे कमी. तो पुढच्या रांगेत गेला, वाकला, इनेझचं मनगट हातात धरून पलीकडच्या कडेवर टेकवलं, आणि ते मनगट वाट माहीत नसल्यासारखं जड होऊन त्याच्या हातात आलं. मग सूर निघाला, अगदी त्याच्या कानाशी, पुढचं वळण त्यामागोमाग. आणि मनगटापासून कोपरापर्यंत त्याच्या अंगावर काटा उभा राहिला.